लायसन न लागणारी गाडी

गाडी सुरू करण्याआधी काका शर्टाच्या खिशावर दोनदा थाप मारायचे. आत लायसन असायचं. "कागद आहे, चला बाबू," म्हणायचे आणि मगच किल्ली फिरवायचे.

आमच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत मी कारकून, ते ड्रायव्हर. इटियाडोह धरणाच्या कालव्यांवर आम्ही जीपने हिंडायचो. कालव्याच्या काठच्या पाळीवर म्हैस आडवी उभी असली तर काका हॉर्न वाजवत नसत. खाली उतरून तिला हाताने बाजूला करत. "तिचाई रस्ता आहे ना, बाबू." असा माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल.

ते निवृत्त झाले आणि लायसनची मुदतही संपली. नवं करायला डॉक्टरचा दाखला हवा होता. डॉक्टरने डोळे तपासले आणि सही केली नाही. काचबिंदू होता.

इकडे काकूंचे गुडघे गेलेले. त्यांना दवाखान्यात न्यायचं कसं? तेव्हा गोंदियात बॅटरीच्या दुचाकी गाड्या नव्याने आल्या होत्या. काकांनी एक आणली.

"पंचवीसच्या वर पळतच नाही. हिले लायसन लागत नाही, नंबर लागत नाही," ते मला म्हणाले. मी हसून गाडी पाहिली. डोळ्यांचं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, टोपली घेऊन घरी निघालेली एक बाई त्यांना दिसली नाही. गाडीला आवाज नाही, तिलाही कळलं नाही. तिचं खुब्याचं हाड मोडलं. काकांनी ऑटो थांबवून तिला दवाखान्यात पोचवलं आणि सरळ माझ्या घरी आले.

"बाबू, ठाण्यात चाल माझ्यासंगं."

हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. दवाखान्यात जाऊन बाईलाही विचारून आला. "काका, तिची तक्रार नाही. लायसनाचं म्हणाल, तर या गाडीले ते लागतच नाही. घरी जा."

काका बाकावरून उठेनात. "पन मले दिसत नव्हतं. थे लिहा ना."

हवालदाराने पेन खाली ठेवलं.

ती गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही. ती बाई विधवा, एकटी राहायची. काका रोज सकाळी पायी तिच्याकडे जात, बोरिंगवरून दोन बादल्या पाणी भरून देत. ती काठी टेकत चालू लागली तरी जात राहिले.

"आता मी चालून राहिली ना, कायले येता?" ती चिडायची.

"येऊ दे," काका म्हणायचे आणि बादली उचलायचे.

दोन वर्षं असं चाललं. मग एका पहाटे झोपेतच ते गेले.

तिसऱ्या दिवशी मी काकूंजवळ बसलो होतो. दारात काठीचा आवाज आला. गावाच्या त्या टोकाकडून ती एवढं अंतर एकटी चालत आली होती. तिला कोणी कळवलंच नव्हतं.

"दोन दिवस झाले, पानी भराले आले नाहीत," धापा टाकत तिने विचारलं. "बरं नाही का त्याहिले?"

काकू खाटेवर थोड्या सरकल्या आणि तिला जागा करून दिली.