सुशीलेची सवत

खुशाल पौषात चार-सहा रात्री बाई व्हायचा आणि उरलेलं वर्ष नवरा असायचा. पहिलं काम त्याला उत्तम जमतं, असं पंचक्रोशीचं मत होतं. दुसऱ्या कामाबद्दल मत द्यायचा अधिकार एकट्या वच्छलाला होता आणि तिला कोणी विचारत नसे.

वडशाच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी आमचं गाव. धान मळून झालं की इथे शंकरपट भरतो. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. ज्या गावात नाटक नाही तिथे मुलगी देताना लोक विचार करतात. जिल्ह्याची वाटणी होऊन आम्ही चंद्रपुरातून गडचिरोलीत गेलो, तरी आमच्या मंडळात लुगडं गड्यालाच नेसावं लागे. मंडळाकडे नाटक एकच होतं, दरवर्षी नाव बदलून ते व्हायचं. त्यात सुशीला नावाची सोशिक बायको होती. नवरा दारू पिऊन यायचा आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढे व्हायची. "दमलात ना? पाय धुवायला पाणी काढलंय." एवढ्यावर बाया पदर डोळ्याला लावत.

सुशीला म्हणजे खुशाल. नवरा म्हणजे देवराव, गावचा चक्कीवाला. कानात केस, केसांत पीठ.

सुशीलेचं हिरवं पातळ वच्छलाच्या लग्नातलं होतं. नवरीनं ते एकदा नेसलं, नवऱ्यानं दहा हंगाम. निऱ्याही त्याच्याच चांगल्या पडायच्या.

घरी खुशाल दोन शब्द बोलायचा, "भात वाढ." क्वचित जास्त बोलला तर सुशीलेबद्दल. एकदा भात खाली लागला.

"सुशीलेनं असा भात नसता केला," तो म्हणाला.

"सुशीला भात करतच नाई," वच्छला म्हणाली. "ते नुसती वाढते. भांडं रिकामं रायते तिचं."

खुशालला हवी होती तशी बायको कोणी दिली नाही, म्हणून तो स्वतःच ती झाला होता. आणि वच्छलाला हवा होता तसा नवरा, म्हणजे बाहेरून आल्यावर दमलीस का असं विचारणारा, तो होताच. फक्त तो लुगड्यात होता आणि देवरावशी बोलत होता.

त्यामुळे तिला देवरावचं तोंड पाहवेना. दळण डोक्यावर घेऊन ती शेजारच्या गावी जाऊ लागली. गावानं यातून काढायचा तो अर्थ काढला. शेवटी देवरावच्या बायकोनं, बायनाबाईनं, तिला विहिरीवर गाठलं.

"काऊन वो वच्छला, आमच्या चक्कीनं तुह्या तांदळाचं काय घोडं मारलं?"

"चक्कीनं नाई. तुह्या नवऱ्यानं."

बायनाबाईनं बादली खाली ठेवली. "काय केलं त्यानं?"

"काही नाई केलं. नुसता बसून रायते, अन् माहा नवरा त्याच्यासाठी पाणी आनते. मले दहा वर्षांत पेलाभर नाई देल्लं."

बायनाबाई हसली नाही. "आमचे हे पट झाल्यावर महिनाभर मले म्हनतेत, जरा सुशीलेवानी बोलत जा. मी म्हनलं, जा मंग खुशालच्या घरी नांदाले."

दोघी एकाच बाईवर जळत होत्या, आणि ती बाई त्या वेळी ओट्यावर बसून बिडी ओढत होती.

त्या वर्षी वच्छलानं ठरवलं होतं. आरमोरीहून भाऊ बैलबंडी घेऊन पटाला येईल, त्याच बंडीत बसून माहेरी जायचं आणि परत यायचं नाही. भावाला तसा निरोपही गेला होता.

पण पटाआधीच मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी तालमीत जाहीर केलं. "बाजूच्या गावात नागपूरची नटी येऊन राह्यली. आता मिशी काढलेली बाई पब्लिकले चालत नाई. आपन बी नटीच आनू. खुशाल, तू पडद्यामागं बस, पुस्तक घे अन् ज्याचं वाक्य अडकलं त्याले सांग."

खुशालनं मान हलवली. हिरवं पातळ घडी करून काखेत मारून घरी आणलं, खुंटीवर टांगलं आणि बोलायचं बंद केलं. आधीही बोलत नव्हता, पण आता ते कळू लागलं.

बायनाबाईनं गूळ वाटला. वच्छलानं तो घेतला, खाल्ला नाही. सवत गेली होती खरी. पण तिच्याबरोबर तो तांब्याही गेला होता. मग तिच्या मनात आलं, सुशीला आता बेकार आहे, कदाचित घरी येईल. ती वाट पाहू लागली. सुशीला आली नाही. खुंटीवरचं पातळ नुसतं लोंबत राहिलं आणि खुशाल त्याच्याकडे बघत राहिला. वच्छलाकडे तसं त्यानं लग्नातही पाहिलं नव्हतं.

पटाच्या आदल्या दिवशी ती दुपारी धानाच्या तनसाचा भारा घेऊन शेताच्या बांधीवरून आली. भारा अंगणात टाकला आणि उंबऱ्यावर, देवराव बसायचा तशी, पाय पसरून बसली.

"सुशीला, मी आलो," ती म्हणाली.

खुशाल दचकला. मग उठला. त्याचा खांदा खाली आला, मान कलली आणि तो नाजूक आवाज दहा हंगामांत पहिल्यांदा त्या घरात ऐकू आला. "दमलात ना? पाय धुवायला पाणी काढलंय."

त्यानं खरंच पाणी आणलं. पायावर ओतलंही. पाणी थंड होतं. वच्छलाला बरं वाटलं, आणि लगेच आग लागली, कारण हे पाणी देवरावचं होतं.

"देवराव असा नाई म्हनत," खुशाल खालूनच म्हणाला. "त्याचा आवाज जड हाये."

"देवरावचं मरू द्या. आता तुमच्या आवाजात बोला. मले."

खुशालनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. अख्ख्या गावाला वाक्यं सांगायला ज्याला नेमलं होतं, त्याचंच वाक्य अडकलं होतं.

वच्छलानं हळूच सांगितलं, "वच्छला, बस. दमली असशीन."

"वच्छला, बस," खुशाल भिंतीकडे बघत म्हणाला. "दमली असशीन."

ना हात उचलला, ना आवाजात चढउतार. इतकं वाईट काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. वच्छलानं तेच वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

पट झाला. भावानं बंडी दारात लावली आणि गाठोडं कुठी हाये म्हणून विचारलं.

"पुढच्या पटाले ये," ती म्हणाली. "सध्या तालीम सुरू हाये."

गुणवंतराव नटीसाठी हिरवं पातळ मागायला आले होते, त्यांना ते मिळालं नाही. वच्छला ते आता बांधीत नेसून जाते. एवढं भारी पातळ चिखलात काऊन, असं बायनाबाईनं विचारलं तर म्हणाली, "सवतीचं हाये. फाटेपर्यंत नेसतो."

खुशाल शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून त्या पातळाकडे बघतो. तो पातळाकडे बघतो की आपल्याकडे, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून ती मुद्दाम जरा खोल चिखलात उतरते.