फायनल इन्स्पेक्शनवाल्या ताई

छातीतली गाठ हाताला लागेनाशी झाली, त्या सकाळी मी वॉर्डभर पेढे वाटले आणि केमोनंतर ठरलेल्या ऑपरेशनला जायचं नाही हे मनाशी पक्कं करून टाकलं. वय पंचावन्न, म्हणजे अक्कल येऊन जुनी व्हायचं वय. माझी अजून वाटेतच होती. आज नातवंडांना शहाणपण शिकवताना हा किस्सा मी शिताफीनं गाळते. त्या दिवशी पेढा न घेणाऱ्या एकट्याच होत्या, केमोच्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या ताई. अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्याच्या अंदाजावर इतका कमी विश्वास ठेवणारं माणूस सापडायचं नाही.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ताईंनी उभी हयात तयार माल तपासण्यात घातली. निवृत्त झाल्या तरी पिशवीत व्हर्नियर असायचाच, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी सांगणारी ती स्टीलची पट्टी. वॉर्डात आलेली पोळी त्यांनी एकदा मापली आणि कडेला जाड, मधे पातळ म्हणून परत पाठवली. सलाईनचे थेंब मोजून सिस्टरला वेग सांगायच्या. स्वतःची गाठही दर केमोआधी, पट्टी स्पिरिटनं पुसून, मापायच्या आणि वहीत लिहायच्या. आम्ही बाकीच्या बायका औषध लागू पडतंय का हे आपापल्या शास्त्रानं ओळखायचो. जिचे केस आधी गळाले ती भाग्यवान, जिला उलट्या जास्त तिची गाठ लवकर विरघळणार. मी तर दोन दिवस उलटी झाली नाही म्हणून रडले होते. ताईंनी सगळ्यांचे केस आणि उलट्या वहीत मांडल्या, गाठींशी ताडून पाहिल्या आणि आमचं शास्त्र रिजेक्ट केलं.

डॉक्टरांचा अंदाज मात्र तपासणीवर बेतलेला होता. गाठीचा तुकडा काढून पाहिल्यावर ते म्हणाले होते, की माझ्या गाठीची जात औषधाला लवकर दाद देणारी, ताईंची चिवट. ऑपरेशनआधी ती फारशी लहान होईलच असं नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंदाज तुमचा, अंग माझं. चालू करा औषध."

त्यांची गाठ खरंच जेमतेम हलली. माझी पळाली. आणि मी घरी जाऊन बसले ती दवाखान्याचे फोनच उचलेना.

आठव्या दिवशी ताई शहागंजात माझ्या दारात हजर. डोकं उघडं, तुळतुळीत. भर बाजारातून तशाच चालत आल्या होत्या. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाल्या, "हाताला लागत नाय म्हंजे नाय, हे कुणी सांगितलं तुला? वरून गुळगुळीत दिसणारा माल आयुष्यभर परत पाठवलाय मी. गाठ विरली तरी जागा सापडावी म्हणून डॉक्टरांनी आत खूण बसवली, ती काय शोभेला?"

मी म्हटलं, मला कापून घ्यायची भीती वाटते. पेढे वाटताना हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ताईंनी आता चप्पल काढली. मग म्हणाल्या, "माझी ढिम्म बसलीय, तरी मी चाललेय. तुझी पळाली तर तूबी पळतीस व्हय?"

दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. माझ्या काढलेल्या भागात कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. म्हणजे गाठ खरंच गेली होती, पण ते कापल्यावर कळलं, पेढ्यांवरून नव्हे. ताईंच्यात बऱ्याच उरल्या होत्या. त्यांना पुढं आणखी औषधं घ्यायची होती. माझा रिपोर्ट पदराखाली लपवून मी त्यांच्यासमोर बसले, तोंड कसं करावं कळेना. त्यांनी तो ओढून काढला, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला आणि नीट घडी घालून माझ्या हातात ठेवला.

"तू कशाला तोंड पाडून बसलीस? माझ्यात किती उरलंय ते आता मला पक्कं ठाऊक हाय, त्याचं मी बघते. तू घरी जा अन् पोटभर जेव. लई वाळलीस."