सुभेदाराचा अर्ज

मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये चार वर्षांत कागद किती साठले ते विचारू नका, पण किस्से त्याहून जास्त साठले! आम्ही कोरड्या डोळ्यांवर औषध शोधत होतो. अश्रूंत डोळा ओला ठेवणारी, जंतूंना रोखणारी प्रथिनं असतात. ती थेंबांत घालून सशांच्या डोळ्यांवर काय परिणाम होतो, ते बघायचं. माणसं तीनच. संशोधन चालवणाऱ्या मॅडम, पीएचडी करणारा मी आणि ससे सांभाळणारे तानाजीमामा. मामा कुंडलचे, फौजेतून रिटायर झालेले. मित्र जमले की मी हे किस्से रंगवून सांगतो. शेवटचा मात्र टाळतो.

*

सशांना नावं ठेवायची नाहीत, फक्त नंबर, असा आमचा नियम. जीव गुंतू नये म्हणून. एकदा मामा सकाळी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सायेब, अकरा नंबर आजपासनं लान्स नाईक झाला. थेंब घालताना जरासुदीक हालला न्हाई!"

हळूहळू सगळ्यांना बढत्या मिळाल्या. चौदा नंबर तर थेट सुभेदार! मॅडमना कळलं तेव्हा त्या भडकल्या. "मामा, नावं ठेवायची नाहीत, किती वेळा सांगायचं?"

मामा सावधानमध्ये उभे. "नाव न्हाई मॅडम, रँक हाय ती!"

*

तुलनेसाठी निरोगी माणसांचे अश्रू हवे होते. मामा म्हणाले, "आमच्या गावची पेन्शनर मंडळी आणतो की." सोमवारी सहा माजी सैनिक हजर, रांगेत ताठ बसलेले. मी बारीक काचेची नळी आणायला आत गेलो आणि बाहेर धाडधाड आवाज! बघतो तर प्रत्येकानं पिशवीतून कांदा काढलेला आणि बुक्की मारून टेबलावर फोडलेला.

सगळी लॅब रडायला लागली. झोंबून आलेलं पाणी आमच्या काही कामाचं नसतं, त्यातलं प्रथिनांचं प्रमाण वेगळं असतं. मॅडम पदरानं डोळे पुसत ओरडल्या, "अहो मामा, रोजचं पाणी हवं होतं!"

"रोजचं कुटं रडतूय आमी, मॅडम?"

सशांच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. त्या दिवशी आमचे कोरड्या डोळ्यांचे ससेसुद्धा बरे झाले!

*

डोळ्यात किती पाणी आहे, हे कागदी पट्टीनं मोजतात. पापणीत अडकवायची, पाच मिनिटांत किती भिजते ते बघायचं. कॉलेजची मुलं लॅब बघायला आली होती, तेव्हा मॅडमनी पट्टी स्वतःच्याच डोळ्यात लावून दाखवली. पाच मिनिटं झाली. पट्टी जवळजवळ कोरडी!

मामा मागून म्हणाले, "मॅडमास्नीच पिंजऱ्यात बसवाय पायजे!"

मुलं हसली, मॅडमही हसल्या. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकात बघून त्यांचे डोळे सुकले होते आणि हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याचं मला आता वाईट वाटतं.

*

मामांच्या बायकोचे, सखूमामींचे डोळेही असेच. रडू आलं तरी पाणी येत नाही, नुसती आग. त्यांना सशांचं कळलं तेव्हा त्यांनी मामांना सांगितलं, "माज्यासारख्यांसाठी सोसत्यात ती. त्यातला एक तरी घरी आणा."

प्रयोग संपला की अश्रूंच्या ग्रंथी तपासायला सशांना कायमचं झोपवावं लागतं. पण निरोगी गटातला एखादा ससा, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या परवानगीनं, घरी देता येतो. मामांनी त्या गटातला सुभेदार मागितला. मॅडम मला म्हणाल्या, "समितीला अर्ज दे लिहून."

मी लिहिला. सही केली. आणि खणात ठेवला. निरोगी गटात सहाच ससे होते. एक गेला की पाच उरणार, माझा प्रबंध लंगडा पडणार. समितीची बैठक झाली. मामांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "वरून काही आलं नाही अजून." तो खण रोज उघडून मामाच पुसायचे.

शेवटच्या दिवशी सुभेदाराला मामांनीच धरलं. तो जरासुद्धा हलला नाही. मला पीएचडी मिळाली. तो अर्ज दिला असता तरीही मिळाली असती, हे मला आज कळतं. उपयोग काय?

*

डिग्री मिळाल्यावर मामांनी कुंडलला जेवायला बोलावलं. आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून मी गेलो. अंगणात नवीन लाकडी खुराडं, शेजारी वाफ्यात सशासाठी लावलेला कोवळा लसूणघास वाढलेला. मामींनी ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, "आवं सायेब, ससा कवा आणताय? घास वर आलाय बगा."

म्हणजे मामांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "मामी, तो अर्ज मी..."

मामांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. मामींकडे वळून म्हणाले, "सायबांनी लय धडपड केली गं. वरनंच न्हाई म्हणाले."