डॉक्टरांची फुंकणीवाली मोटार

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मधे थांबवायचं नाही. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, त्याबद्दल वाद नाही. पण अख्ख्या मैदानासमोर, गळ्यात हार घालून केलेला गाढवपणा एकच!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. मी लालबागला चाळीत राहायचो आणि गिरणीत ब्लो रूममध्ये कामाला होतो. ब्लो रूम म्हणजे काय? कापसाच्या गाठी फोडायच्या, कापूस यंत्रात टाकायचा, यंत्र त्याला झोडपून साफ करतं, आणि मग आपण आपल्या मिशांतला कापूस वेचत घरी जायचं. बस्स. यात इंजिनियरिंग कुठं आलं का? नाही ना? थांबा, येतंय.

माझी अक्कलदाढ दुखायला लागली. गिरगावात प्रधान म्हणून दातांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्चीत आडवा केला, तोंडात दोन्ही बाजूंनी कापसाचे बोळे कोंबले, आणि मग विचारलं, "काय करता आपण, मिस्टर परब?"

हे दातांचे डॉक्टर असेच! तोंड बंद केल्याशिवाय प्रश्न विचारत नाहीत.

मी म्हणालो, "ब्वो ऊम."

"ब्लोअर?" डॉक्टरांचे डोळे लकाकले. "ब्लोअरचं काम करता तुम्ही?"

मी नाही म्हणून मान हलवायला गेलो. पण जबडा त्यांच्या मुठीत. मान आडवी हलायच्या ऐवजी उभी हलली!

"अहो, देवासारखे भेटलात!"

झालं असं होतं, की डॉक्टरांना मोटारीचं भारी वेड. त्यांच्या जुन्या विलायती गाडीला त्यांनी एक ब्लोअर बसवून घेतला होता. मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाकडून मिळालेला. म्हणजे आपली चुलीची फुंकणी असते ना, तसलाच प्रकार. फुंकणीनं चूल कशी भडकते? तशी हा ब्लोअर इंजिनात जास्तीची हवा कोंबणार आणि गाडी उधळणार. इंजिनाच्या चाकावरून एक रबरी पट्टा या फुंकणीला फिरवायचा, आणि तिथून एका जाड रबरी पाइपातून हवा इंजिनात जायची.

"पण लहरी झालीय हो," डॉक्टर माझ्या हिरडीत सुई खुपसत म्हणाले. "कधी घोड्यासारखी पळते, कधी म्हशीसारखी बसते. चार गॅरेजवाले झाले. कुणाला सापडत नाही. बघाल का?"

दाढ निघाली. बोळे निघाले. आता तरी खरं बोलायला हरकत नव्हती. पण बाहेर बसलेल्या पेशंटांना डॉक्टरांनी सांगूनही टाकलं, "हे इंजिनियर परब!" आणि त्यातल्या एका म्हाताऱ्यानं चक्क उठून मला नमस्कार केला. सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी नमस्कार परत केला. अक्कलदाढ काढल्यावर अक्कल जाते हे तेव्हा पटलं.

पुढचे तीन रविवार मी गिरगावला जात होतो. बॉनेट उघडायचं, आत डोकं घालायचं, आणि "हंऽऽ" करायचं. डॉक्टरीणबाई चहा आणि घावन पाठवायच्या. घावन संपलं की पुन्हा "हंऽऽ".

तिसऱ्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "परब, येत्या शनिवारी शाहिरांना नायगावच्या मैदानात सभेला न्यायचंय. मंडळींनी माझ्या गाडीवर भरवसा ठेवलाय. परळचा पूल चढेल ना?"

शाहीर म्हणजे काय चीज होती त्या दिवसांत! त्यांनी डफावर थाप मारली की गिरण्यांचे भोंगे लाजावेत. माणसं संध्याकाळपासून जागा धरून बसायची.

आता काहीतरी केलंच पाहिजे. मी पुन्हा डोकं आत घातलं. इंजिन चालू होतं आणि त्या पट्ट्याचा बारीक चूंऽ चूंऽ आवाज येत होता. डोक्यात वीज चमकली! आमच्या गिरणीत चामड्याचे पट्टे कुरकुरायला लागले की त्यांना एरंडेल चोळतात. पट्टे मऊ होतात, गप्प बसतात. पट्टा तो पट्टा!

डॉक्टरांना म्हटलं, "एरंडेल आहे का घरात?"

"का? पोट बिघडलं?"

"गाडीचं."

शनिवारी संध्याकाळी, निघायच्या आधी, मी त्या पट्ट्याला अर्धी बाटली एरंडेल पाजलं. माझ्या मालवणी आईनं लहानपणी "पी रे माझ्या झिला" म्हणत मला इतक्या मायेनं पाजलं नव्हतं! आणि काय सांगू, आवाज बंद! डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. "परब, यू आर अ जीनियस!" हात सुटेना. एरंडेलानं नव्हे, कौतुकानं.

निघालो. पुढे डॉक्टर आणि शाहीर. मागे ढोलकीवाला, तुणतुणेवाला, डफ, आणि कोपऱ्यात दुमडून मी. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली. म्हशीसारखी, पण म्हैससुद्धा चालतेच ना?

परळचा पूल लागला. डॉक्टरांनी पाय दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी पुढं सरकेना. तेल प्यालेला पट्टा जागच्या जागी घसरत होता. पट्टा घसरला म्हणजे फुंकणी थांबली. आणि फुंकणी थांबली की हवेच्या वाटेत तीच बूच होऊन बसते! अर्ध्या चढावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि प्राण सोडला.

शाहीर मागं वळले. भारदस्त आवाजात म्हणाले, "इंजिनियरसाहेब, आता?"

"आता... उतरूया."

आम्ही ढकलायला लागलो. शाहीर स्वतः ढकलत होते! धोतराचा काचा मारून! पुलावरच्या लोकांनी त्यांना ओळखलं, आणि "झालाच पाहिजे!" अशा घोषणा सुरू झाल्या. लोकांना वाटलं मोर्चाच आहे. पन्नासेक माणसं लागली ढकलायला. गाडी पूल चढली, पलीकडे गडगडत उतरली आणि एका सलूनपुढे येऊन थांबली.

तेवढ्यात नायगावहून काही कार्यकर्ते धावत आले. सभा खोळंबली होती. त्यांच्यात जाधव म्हणून एकजण होते. बी.डी.डी. चाळीत राहायचे, बसच्या डेपोत फिटर होते. शांत माणूस. बॉनेट उघडलं, पट्ट्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"एरंडेल?" ते म्हणाले. "रबरी पट्ट्याला? गाडीला जुलाब द्यायचे होते काय?"

डॉक्टर शाहिरांना सलूनमध्ये पाणी द्यायला गेले होते, म्हणून वाचलो. मी म्हणालो, "कोण असेल हो असला गाढव?"

जाधवांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शर्टाच्या बाहीकडे बघितलं. बाही कोपरापर्यंत चमकत होती. आणि ते वळून कामाला लागले. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं.

त्यांनी पेट्रोलच्या फडक्यानं पट्टा पुसून कोरडा केला, ताणून बसवला. मग सलूनवाल्याकडून दाढीच्या साबणाचा फेस मागून आणला. इंजिन चालू करायला लावलं, आणि दाढी करतात तसा त्या जाड पाइपाला ब्रशानं फेस फासला.

"हे कशाला?" मी.

"बघा की."

इंजिन तापलं, आणि पाइपाच्या खालच्या अंगाला, सहसा नजर जाणार नाही अशा जागी, फेसाचे बुडबुडे उठायला लागले. फस्, फस्! पाइपाला चीर होती. थंड असताना मिटायची, तापली की उघडायची. म्हणून गाडी कधी घोडा, कधी म्हैस! चार गॅरेजवाले आणि एक ब्लो रूमवाला मिळून जे शोधू शकले नाहीत, ते या माणसानं एका दाढीच्या फेसात शोधलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी चीर करकचून बांधली.

डॉक्टर सलूनमधून परत आले तेव्हा जाधव बाजूला हात पुसत होते आणि बॉनेट लावत होतो मी. आणि गाडी सुटली! अहो, नायगाव कधी आलं ते कळलंच नाही. तुणतुणेवाल्याची टोपी वाटेत उडाली ती अजून मिळालेली नाही.

मैदान खच्चून भरलं होतं. चाळीतल्या बायकांबरोबर माझी आई पहिल्याच रांगेत बसलेली. मी गुपचूप मागं सटकत होतो, तर डॉक्टरांनी काय करावं? स्टेजवर जाऊन सभेच्या सेक्रेटरींच्या कानात कुजबुजले. आणि लाउडस्पीकर गरजला, "शाहिरांची गाडी ज्यांनी दुरुस्त केली, ते इंजिनियर परब! त्यांनी मंचावर यावं!"

मला उचलूनच वर नेलं. गळ्यात हार पडला. माइक तोंडापुढे आला. "दोन शब्द!"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खाली जाधव दिसले. हाताची घडी घालून, तसेच शांत. नाही हो बोलवलं खोटं.

"मी... मी काही केलं नाही," मी म्हणालो. "मी इंजिनियरपण नाही. खरे फिटर ते तिथं उभे आहेत. जाधव. त्यांना वर बोलवा."

टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुटलो! मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

जाधव वर आले. हार घ्यायला तयार होईनात. फारच आग्रह झाला तेव्हा माइकपाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "मंडळी, गाडीत दोष दोन होते. एक पाइपात होता, तो मी बांधला. दुसरा हा इथं, हार घालून उभा आहे."

अख्खं मैदान हशानं फुटलं! शाहीर तर डफ पोटाशी धरून वाकले. मी हारात तोंड लपवतोय, आणि पहिल्या रांगेत माझी आई ताडकन उभी राहिली, माझ्याकडे बोट करून अभिमानानं सगळ्या बायकांना ओरडून सांगायला लागली,

"तो दुसरो ना? तो माझो झील!"