बंकरच्या दाराशी

चिक्कडपल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ दर हिवाळ्यात विशाखापट्टणमला जातात. समुद्रासाठी नव्हे, महायुद्धात किनाऱ्यावर बांधलेला काँक्रीटचा एक बंकर बघायला. पुढेपुढे मीही सोबत जाऊ लागलो.

बाकीचे लोक पाण्याकडे धावताना चपला काढत. हे मात्र वाळूतून चपला फरफटवत जात आणि बंकरच्या दाराशी काढत, घरात शिरताना काढाव्या तशा, जोडीने. आत कुबट वास आणि फुटक्या बाटल्या. मी एकदा चिडलोच, "अहो, काच लागेल! देऊळ आहे का हे?"

"असं नका बोलू वकीलसाब. इथून बंदूक चालली का नाही, काय की. पण कुणीतरी इथं बसून वाट बघितली ना? त्याचं घरच झालं की हे."

मग बंदुकीसाठी ठेवलेल्या आडव्या फटीला डोळे लावून ते समुद्र बघत बसत. पोटभर बघून झालं की बाजूला सरकून मला जागा देत.

यंदा गेलो तर किनारा खचून बंकर कलंडलेला. दाराची नुसती वरची कड पाण्याबाहेर दिसत होती. पाण्याच्या काठाशी त्यांनी सवयीनं चपला काढल्या, जोडीने ठेवल्या आणि उभे राहिले. एक मोठी लाट आली आणि त्यातली एक चप्पल ओढून घेऊन गेली. मी धावलो, तसा त्यांनी माझा दंड धरला.

"असू द्या," ते म्हणाले. "ती तरी आत गेली असेल."