टेप बंद होणार नाही

मंडळी, दुपारी बोईसरहून परतले, पण डोकं अजून तापलेलंच आहे. शिक्षकांच्या बैठकीत एक तरुण शिक्षिका मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या गोष्टी ऐकवत होती. बैठकीला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी तिला मध्येच थांबवलं. "ही बोली नको, शुद्ध बोलायला शिकवा."

मी निवृत्त शिक्षिका, पाहुणी म्हणून गेलेली. तरी उठले आणि नव्वद सालच्या आसपासचा, बोईसरजवळच्या किनाऱ्यावरल्या नवापूरचा माझा तिसरीचा वर्ग सांगितला.

तेव्हा मी घरचा टेपरेकॉर्डर शाळेत न्यायची. हेमा ही मच्छीमारांच्या घरातली मुलगी वर्गात तोंडच उघडत नसे. एकदा टेपसमोर ती मासळी वाळत घालायच्या बांबूंबद्दल बोलली, "आमी बोंबील वलांडीवर सुकत टाकतो. ऊन नाय तर बोंबील नाय."

टेप पुन्हा लावली, तर ती उडालीच. "बाई, ही मी हाय?"

तिचंच बोलणं मी फळ्यावर लिहिलं. तिने ते घडाघडा वाचलं. पुस्तकातली एक ओळही न वाचणारी पोर!

नेमके तपासणीचे साहेब दारात. "बाई, हा तमाशा बंद करा."

मी म्हटलं, "साहेब, ही पोर आज पहिल्यांदा वाचतेय. टेप बंद होणार नाही."

माझ्यावर वाईट शेरा पडला. तरी दुसऱ्या दिवशी मी टेप पुन्हा वर्गात नेली. वर्ष संपेपर्यंत हेमा पुस्तकही वाचू लागली.

एवढं सांगून मी त्या शिक्षिकेकडे वळले. "लाव गं पुढचं." तिने लावलं. या वेळी साहेबांनीही ते शेवटपर्यंत ऐकलं.

शिक्षकांनो, मूल पहिल्यांदा बोलायला लागतं तेव्हा तुम्ही त्याला दुरुस्त करता, की ऐकता?