चाल आली म्हणजे सुखरूप

अलकनंदाबाई पुराणिक सकाळी मुलाची चाल आल्याशिवाय चहा घेत नसत. साखरेचा आजार नाही, उपास नाही, कुणा महाराजांनी दिलेला नेम नाही. चाल आली की चहा, असा तीन वर्षांचा शिरस्ता होता आणि तो गल्लीभर ठाऊक होता. झाशीच्या माणिक चौकामागच्या गल्लीत खाली बांगड्यांचं दुकान आणि वर पुराणिकांचं बिऱ्हाड. दुकानदार शटर उघडता उघडता वर बघून विचारायचा, "मौसीजी, चाल आ गई?" बाईंनी गॅलरीतून कप दाखवला की त्याने समजायचं, आली.

ही चाल संगणकावरच्या एका खेळातली. खेळाचं नाव 'मांडलिक'. नकाशा असतो, नद्या असतात, आपण गावं वसवायची, रस्ते काढायचे, सैन्य पाळायचं आणि शेजाऱ्याला नमवायचं. खेळ पाळीपाळीने चालतो. आपली चाल झाली की समोरच्याची. समोरचा चाल करेपर्यंत आपलं अख्खं राज्य जागच्या जागी उभं. नांगर उचललेला शेतकरीसुद्धा तसाच थांबतो. बाईंना हे फार आवडलं होतं, कारण बाकी आयुष्यात त्यांच्यासाठी कोणी थांबल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

खेळ शिकवला मकरंदने. तो नोकरीला गुडगावात, एकुलता एक, चौतिशीचा, लग्नाचं नाव काढलं की फोन कापणारा. फोनवर बोलणं तरी काय व्हायचं? "जेवलास का?" "हाँ." "काय जेवलास?" "खाना." मराठी त्याला समजायची पुरती, पण तोंडातून हिंदीच निघायची. झाशीतल्या मराठी घरांमधली बहुतेक मुलं अशीच. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला तो आला, घरच्या जुन्या संगणकावर त्याने हा खेळ घातला आणि म्हणाला, "आई, रोज एक चाल तुम, एक चाल मैं. फोन से अच्छा है."

बाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. नदीच्या वळणावर गाव का वसतं, खिंड कोणी राखायची, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. महिन्याभरात त्यांनी मकरंदचं बंदर घेतलं. "आई, बेटे पर हमला?" असा त्याचा संदेश आला, त्यावर त्यांनी लिहिलं, "बंदर मोकळं कोणी सोडायला सांगितलं होतं?" आपल्या शहरांना त्यांनी नावं दिली बरवासागर, निवाडी, मऊरानीपुर. ही त्यांच्या लहानपणीची स्टेशनं. वडील त्या लाइनीवर स्टेशनमास्तर होते.

आणि खरी गोम तिथेच होती. दोन स्टेशनांमधला रूळ मोकळा आहे का, हे विचारायला वडील एका यंत्राची कळ दाबायचे. पलीकडच्या स्टेशनात घंटी वाजायची आणि पलीकडचा मास्तर तितकेच ठोके परत द्यायचा. ठोके परत आले की वडील निवांत व्हायचे, आणि वडील निवांत झाले की घर निवांत. हा हिशेब बाईंच्या हाडात मुरला होता. मकरंदची चाल म्हणजे परत आलेले ठोके. चाल आली म्हणजे पोरगं सुखरूप, असं त्यांनी मनाशी धरलं आणि त्यात कधी काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. फोन हळूहळू कमी झाले, मग बंदच झाले. गरजच काय, चाल येत होती की रोज!

एखाद दिवशी दहा वाजून गेले तर बाई लिहायच्या, "चाल?" साडेदहा झाले तर लिहायच्या, "तुझी चाल आल्याशिवाय मी चहा घेत नाही, ठाऊक आहे ना?" पाच-दहा मिनिटांत चाल हजर. अहो, आईने लाडात येऊन म्हणायचं असतं तसं त्या म्हणायच्या. त्याच्या पलीकडे काही नाही.

चाल झाल्यावर दिवस मोकळा. मग त्या खेळाच्या पानावर लोकांनी लिहिलेली मतं वाचत बसायच्या. खेळ आवडला तर अंगठा वर, नाही तर खाली, आणि शेजारी त्या माणसाने किती तास खेळलाय ते. शशिकांतराव, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, समोर पेपर घेऊन बसायचे आणि बाई त्यांना वाचून दाखवायच्या.

"अहो, हे ऐका. दोन हजार शंभर तास, आणि लिहितोय की अजून मत बनलेलं नाही."

"बनेल, बनेल. घाई कसली?"

"हा एक बघा तो. म्हणतो, गॅसवर दूध ठेवून खेळायला बसू नका, माझी तीन पातेली गेली."

"ह्याला आपला पत्ता दे," शशिकांतराव म्हणायचे, कारण पुराणिकांच्या घरातलीही दोन पातेली तळाशी काळी होती.

कोणी लिहायचं, एकच चाल करून उठतो म्हणालो आणि बहिणीचं लग्न लागून गेलं. कोणी लिहायचं, हा खेळ घेऊ नका, घेऊ नका, घेऊ नका, आणि त्याच्या नावापुढे तीन हजार तास. बाईंच्या लक्षात आलं होतं की जितक्या शिव्या जास्त, तितके तास जास्त. ह्याचं त्यांना मोठं हसू यायचं. शाळेत मुलींच्या वह्या तपासाव्यात तशी त्या ही मतं तपासायच्या आणि मनातल्या मनात गुण द्यायच्या.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी असंच चाललं होतं. मकरंदची चाल यायची होती. पावणेदहा झाले होते आणि पानावर सगळ्यात वर एक नवं मत होतं. अंगठा खाली. चार हजार सहाशे तास. हिंदीत होतं. बाईंनी नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं आणि जाता जाता मराठी करत गेल्या.

"ऐका हो. म्हणतो, खेळ उत्तम आहे म्हणूनच घेऊ नका. फेब्रुवारीत माझी नोकरी गेली, ह्याच्यामुळेच. मीटिंगमध्ये बसून चाली करायचो. घरी सांगितलेलं नाही. चार वेळा काढून टाकला, चारही वेळा परत घातला…"

"मग?" शशिकांतरावांनी पेपर उलटला. "का गं, थांबलीस?"

बाईंच्या डोळ्यांनी पुढची ओळ आधीच वाचली होती. शेवटी त्यांनी ती आहे तशी हिंदीतच वाचली. "'क्योंकि सामने वाली खिलाड़ी मेरी माँ हैं। अपने शहरों के नाम बरवासागर, निवाड़ी, मऊरानीपुर रखती हैं। मेरी चाल न पहुँचे तो चाय तक नहीं पीतीं। एक चाल उनके लिए खोलता हूँ, फिर पूरा दिन बंद नहीं कर पाता।'"

खाली दुकानात कोणीतरी बांगड्यांचा भाव करत होतं. शशिकांतरावांनी पेपराची घडी घातली, मग पुन्हा उघडली, मग खाली ठेवली.

"आपला मक्कू," ते म्हणाले.

बाईंना आधी राग आला. तो कोणावर होता ते त्यांचं त्यांना कळेना. चार हजार सहाशे तास! दिवसाला बारा धरले तरी वर्षाहून जास्त. पंधरा मिनिटांची एक चाल आईसाठी, आणि तिच्या मागून हे एवढं. मुलींना दारू पिणाऱ्या बापांवर निबंध लिहायला लावणारी बाई आपण, आणि आपणच रोज दहाच्या ठोक्याला पोराच्या हातात पेला देत होतो. वर विचारत होतो, का रे, उशीर का झाला? त्यांना ओशाळं ओशाळं वाटलं, इतकं की समोर बसलेल्या नवऱ्याकडे बघवेना.

"फोन कर," शशिकांतराव म्हणाले.

त्यांनी केला. घंटी पुरी वाजून बंद झाली. मिनिटभराने संदेश आला, "मीटिंग में हूँ आई. बाद में."

आणि त्या मागोमाग, दहाला चार मिनिटं असताना, संगणकावर टुण्ण झालं. मकरंदची चाल आली होती. त्याने निवाडीच्या उत्तरेला घोडदळ आणून उभं केलं होतं, अगदी विचार करून, नेमकं जिथे उभं करायला हवं तिथे.

बाई त्या घोडदळाकडे बघत बसल्या. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या नोकरीतली मीटिंग. आणि चाल मात्र वेळेवर, कारण आई चहावाचून खोळंबली असेल. लबाडी होती, पण ती करतानाही पोराला आईच्या चहाची काळजी होती, आणि त्यानेच त्यांना रडू फुटलं.

मग त्यांना वडिलांची एक गोष्ट आठवली, जी त्यांनी चाळीस वर्षांत आठवली नव्हती. पलीकडच्या एका लहान स्टेशनचा मास्तर. एकदा तो तीन दिवस तापाने फणफणत खुर्चीत बसून ठोके देत राहिला. इकडे सगळे निवांत, घंटीला घंटी येतेय. चौथ्या दिवशी ठोके आले नाहीत, तेव्हा कुठे वडिलांनी माणूस पायी पिटाळला आणि तो मास्तर जमिनीवर पडलेला सापडला. वाचला. पण वडील पुढे कितीतरी दिवस स्वतःवरच चिडायचे. म्हणायचे, ठोके आले म्हणजे पलीकडे हात आहे, एवढंच. हाताच्या मागच्या माणसाचं आम्ही कधी विचारलंच नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी हा डाव सोडते."

"तू तर जिंकते आहेस ना?"

"हो. दहा-बारा चालींत राजधानी घेतली असती."

"त्याला वाईट वाटेल."

"घाबरेल," बाई म्हणाल्या. "त्याने घाबरायलाच हवं. माझा फोन तो उचलत नाही. मी गप्प झाले तर त्याला करावा लागेल."

हे बोलायला सोपं होतं. खेळात डाव सोडण्याची कळ कोपऱ्यात असते आणि ती दाबली की खेळ दोनदा विचारतो, नक्की का? बाईंचा हात तिथे जाऊन परत आला. तीन वर्षांची राज्यं, आणि त्याहून खरं सांगायचं तर तीन वर्षांच्या सकाळी. हा डाव गेला तर उद्या पोरगं आहे की नाही हे कशावरून कळायचं? आणि फोन नाहीच आला तर? समजा त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि तो एकटाच त्या खोलीत पडून राहिला, तर आपल्या हातात काय उरलं? त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. शशिकांतराव खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

नक्की का? हो. नक्की का? हो.

बरवासागर, निवाडी, मऊरानीपुर, तिन्ही शहरांवर मकरंदचं निशाण चढलं. बाई उठल्या आणि त्यांनी चहा टाकला. दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्यापाशीच उभ्या राहिल्या, पण दूध दिसत नव्हतं, डोळे सारखे भरून येत होते. चहा गाळला, एक घोट घेतला. साखर घालायला विसरल्या होत्या. तसाच प्यायल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. शशिकांतराव फोनकडे बघत होते आणि बघत नसल्याचं सोंग करत होते. सव्वादहाला खालून दुकानदाराने विचारलं, "मौसीजी, आ गई?" बाईंना काय दाखवावं कळेना, त्यांनी नुसता हात हलवला.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आपणहून फोन.

"आई! क्या हुआ? तबीयत ठीक है? बाबा कहाँ हैं?" धावत आल्यासारखा त्याला दम लागला होता.

"आम्हाला काही झालं नाही रे. मी चहा घेतला."

"चाय? आई, तुमने हार क्यों मानी? तुम तो जीत रही थीं!"

"तुझी चाल यायच्या आधीसुद्धा मला चहा घेता येतो, मक्कू," बाई म्हणाल्या. त्या प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा सावकाश म्हणत होत्या. "नेहमीच येत होता. मी आपलं उगीच म्हणायचे. तू खरं धरशील असं वाटलं नाही."

पलीकडे धाप हळूहळू शांत होत गेली. मग अगदी हळू, "तुमने पढ़ लिया."

"वाचलं."

"बाबा को पता है?"

शशिकांतरावांनी फोनकडे वाकून सांगितलं, "आहे. ये घरी. कोणी काही विचारणार नाही."

"मैं ठीक हूँ, बाबा."

"नाही आहेस," बाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत 'ठीक हूँ' ऐकून फोन ठेवला नाही असं आज प्रथमच झालं होतं. "ठीक नसलास तरी ये. तसाच ये."

आता तो रडत होता. चौतीस वर्षांचा माणूस, हुंदके गिळायला तोंडावर काहीतरी दाबून धरल्यासारखा. बाईंनी त्याला रडू दिलं. खूप वेळाने तो बोलला ते मोडक्यातोडक्या मराठीत, शब्द शोधत शोधत.

"आई, मी सकाळी उठतो ना, तर मला फक्त तेवढंच माहीत असतं. की तुला चाल पाठवायची. आता ते पण नाही. उद्यापासून मी उठून काय करू?"

बाईंच्या समोर संगणकाचा पडदा होता, त्यावर हरल्याची पाटी, आणि उद्या सकाळी उठून आपण त्या खुर्चीत बसलो नाही तर कुठे बसायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मला पण माहीत नाही रे," त्या म्हणाल्या. "तू ये. दोघं मिळून बघू."

"आज?"

"आज."

शशिकांतराव चष्मा शोधायला उठले. दुपारची गाडी तिकडून किती वाजता सुटते ते त्यांना पाठ होतं, तरी त्यांना ते पुन्हा एकदा बघायचं होतं.